परदुःखाचे आभार

कृतज्ञता हा शब्द गेल्या कांहीं वर्षांत देवघरांतून उठून बाजारांत येऊन बसला आहे. पुस्तकांच्या दुकानांत कृतज्ञतेच्या वह्या विकत मिळतात. दिवसभरांत घडलेल्या चांगल्या गोष्टी निजण्यापूर्वीं लिहून काढण्यासाठीं त्यांत रेघा आंखून दिलेल्या असतात. सकाळीं मोबाईल हातांत घ्यावा, तों उगवत्या सूर्याच्या चित्राखालीं देवाचे आभार मानण्याची आज्ञा कोणीतरी धाडलेली असतेच. शिबिरें भरतात, शुल्क घेऊन व्याख्यानें होतात, आणि त्या सर्वांचा इत्यर्थ एकच असतो: जें आहे त्याबद्दल परमेश्वराचे आभार माना, संकट आलें तर अधिक माना, कारण संकट हाही प्रसादच आहे. ज्याला वही लिहून शांत झोंप लागत असेल त्यानें ती सुखेनैव लिहावी. त्याच्याशीं आमचें कांहीं भांडण नाहीं. परंतु हाच उपदेश जेव्हां वहीचीं पानें ओलांडून सुतकाच्या घरांत शिरतो, रुग्णाच्या उशाशीं येऊन बसतो, कर्जानें बुडालेल्या कुटुंबाच्या ओसरीवर पाय पसरतो, तेव्हां मात्र गप्प राहणें आम्हांला योग्य वाटत नाहीं.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. विपत्तींत देवाचे उपकार मानणें ही मनुष्याच्या हातून घडणाऱ्या अत्यंत थोर गोष्टींपैकीं एक आहे, असें आम्ही मानतों. पण तो बोल ज्याचा त्यानेंच बोलावयाचा असतो. ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत त्यानें देवाची स्तुति केली तर ती भक्ति होय. शेजारीं उभ्या असलेल्या धडधाकट माणसानें त्याला ती करावयास सांगितलें तर ती निर्दयता होय, आणि निर्दयता नसेल तेथें ती बहुधा नुसता आळस असते. एकच वाक्य तोंड बदलतांच पुण्याचें पाप होतें. हा फरक आमच्या संतांना पक्का ठाऊक होता. आमच्या उपदेशकांना तो ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून सोयीसाठीं ते विसरले आहेत.

या उपदेशकांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे तुकाराममहाराज. तुकोबांचे दोन अभंग व्याख्यानांत वारंवार पुढें केले जातात. एकांत ते दिवाळें, दुष्काळ, चारचौघांतील फजिती अशी एकेक आपत्ति मोजून तिच्याबद्दल देवापाशीं समाधान व्यक्त करतात. दुसऱ्यांत तर बायकोचें व मुलाचें मरणही त्याच हिशेबांत धरतात. अभंग खरे आहेत, आणि त्यांतील धैर्यापुढें कोणाचेंही मस्तक नमावें असेच ते आहेत. पण ते कोणाच्या तोंडून, कोणाला उद्देशून आणि काय करून झाल्यावर निघाले हें पाहण्याचे श्रम उपदेशक घेत नाहींत. ते येथें घेणें भाग आहे.

इ. स. १६३० मध्यें दख्खन व गुजराथ या मुलखांकडे पावसानें पाठ फिरविली. पुढच्या दोन वर्षांत तेथें जें झालें त्याचें वर्णन शहाजहानच्या दरबारीं लिहिलेल्या बादशहानाम्यांत आहे, तसेंच सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तांतही आहे. वाटेवर प्रेतें पडलेलीं होतीं आणि माणसें पोटचीं मुलें विकीत होतीं. देहूचे हे वाणी त्या वेळीं विशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते. घरीं महाजनकी, दुकान आणि थोडी सावकारी; आईबाप गेलेले, थोरला भाऊ विरक्त होऊन बाहेर पडलेला. दुष्काळानें भांडवल गेलें, पत गेली, आणि पहिली बायको रखमाबाई अन्नासाठीं टाहो फोडीत मेली. तिच्या पाठोपाठ लहानगा संतूही गेला, असें चरित्रकार सांगतात. रखमाबाईचें मरण तर तुकोबांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नमूद करून ठेवलें आहे, आणि तें सांगतांना त्यांनीं आभाराचा शब्द उच्चारलेला नाहीं. तेथें लाज आहे, त्रास आहे, उघडें दुःख आहे. उपदेशक हा अभंग सहसा वाचून दाखवीत नाहींत. आधीं हा अभंग आणि मग ते दोन, असा क्रम मनांत धरला म्हणजे त्या दोहोंचा अर्थच पालटतो. जो मनुष्य दुःखाला दुःख म्हणून चुकला आहे, त्याचे ते आभार आहेत. दुःखाला दुःख म्हणूं न देतां मागून घेतलेले ते आभार नव्हेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. परंपरा अशी सांगते कीं घरांत सावकारीचीं जीं खतें होतीं त्यांतील अर्धी वांटणी तुकोबांनीं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. म्हणजे ज्या दुष्काळानें स्वतः तुकोबांना धुवून नेलें त्याच दुष्काळांत बुडालेल्या कुळांवरील आपला हक्क त्यांनीं पाण्यांत सोडला. त्यांचें देवापुढील आभारप्रदर्शन लोकांना कर्जमुक्त करून झालेलें आहे. आजच्या उपदेशकाचे आभार खतपत्र तिजोरींत ठेवून मानलेले असतात, आणि कुळानेंही ते मानावे असा त्याचा आग्रह असतो. या दोन गोष्टींना एकच नांव देणें म्हणजे इंद्रायणीच्या पाण्याला आणि बाटलींत भरून विकलेल्या पाण्याला एकच तीर्थ म्हणण्यासारखें आहे.

येथें एखादा चाणाक्ष वाचक आम्हांला अडवील. तो म्हणेल, “बायकोच्या मरणाचें तुकोबांनीं समाधान मानलें; मग तें मरण तुकोबांचें होतें कीं रखमाबाईचें? परदुःखाचे आभार मानूं नयेत हा तुमचा नियम स्वतः तुकोबांनींच मोडला नाहीं काय?” हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकण्याइतके आम्ही तुकोबांचे अंधभक्त नाहीं. तो अभंग वाचतांना आम्हांला नेहमीं अडखळावयास होतें, आणि सहृदय वाचकानें तेथें अडखळावें असेंच आम्हांला वाटतें. अन्न अन्न करीत गेलेल्या त्या तरुण स्त्रीला या हिशेबांत मत नव्हतें. आम्हांला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं त्या अभंगांतील संबोधन देवाला आहे. बोलणारा आपल्या तुटलेल्या पाशांबद्दल बोलत आहे, आणि मरणाच्या दारांतील रखमाबाईला किंवा तिच्या माहेरच्या माणसांना त्यानें तो अभंग ऐकविला, असें कोणताही चरित्रकार सांगत नाहीं. उपदेशक नेमकें तेंच करतात. तुकोबांनीं विठोबाला जें एकांतांत सांगितलें तें हे लोक रखमाबाईच्या आईला सांगावयास जातात.

आणि दुसरी पत्नी जिजाई? तिनें तर आभार मुळींच मानले नाहींत. घरांत दाणा नाहीं, पोरें भुकेलीं आहेत, आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजन करीत बसला आहे, अशा स्थितींत तिनें विठोबाला जें जें ऐकविलें तें महिपतींच्या चरित्रांतून आणि कीर्तनकारांच्या मुखांतून आपल्यापर्यंत आलेलें आहे. आमच्याकडील विद्वानांनीं या बाईची फार हेटाळणी केली. सॉक्रेटिसाची बायको आणि तुकोबांची बायको यांची जोडी लावून दोघींना कजाग ठरविण्यांत आमच्या आधींच्या कित्येक प्राध्यापकांची हयात गेली. उपाशी मुलांची आई कशी बोलते याचा अनुभव त्यांना नसावा. पण वारकरी परंपरा या विद्वानांहून शहाणी निघाली. ती सांगते कीं नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन डोंगर चढतांना जिजाईच्या पायांत कांटा मोडला, आणि तो काढावयास स्वतः पांडुरंग आला. ही कथा अक्षरशः खरी मानावी कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ती रचणाऱ्यांनीं काय म्हटलें आहे तें पाहा. जी देवाला शिव्या देत होती तिच्याच पायांतला कांटा देवानें काढला. आधीं माझे आभार मान, मग कांटा काढतों, असें तो तिला म्हणाला नाहीं.

हीच दृष्टि आमच्या जुन्या पुराणांतही आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या आठव्या अध्यायांत कुंती श्रीकृष्णापाशीं विपत्तीच मागते, कारण विपत्तींत त्याचें दर्शन घडतें. हें मागणें उपदेशकांना फार आवडतें. पण त्याच अध्यायांत, कुंतीच्या स्तुतीच्या थोडें आधीं, उत्तरा धांवत येते. तिचा अभिमन्यु रणांत पडलेला आहे आणि पोटांतल्या गर्भावर अश्वत्थाम्याचें अस्त्र येत आहे. ती स्तुति करीत नाहीं, विपत्तींत दर्शन घडतें म्हणून समाधानही मानीत नाहीं. माझें कांहींही होवो, पण पोटांतलें वांचीव, एवढाच तिचा आक्रोश आहे. आणि श्रीकृष्ण काय करतो? तो गर्भाचें रक्षण करतो. विपत्तीचें माहात्म्य तो तिला सांगत बसत नाहीं. कुंती देखील सुनेच्या वतीनें विपत्ति मागत नाहीं आणि नातसुनेला तर ती एक शब्दही शिकवीत नाहीं. भागवतकारानें आजेसासू आणि नातसून यांचीं दोन तोंडें एकाच अध्यायांत ठेवलीं. आम्ही मात्र त्यांतलें एक ऐकतों आणि दुसऱ्यावर हात ठेवतों.

हा दोष केवळ आमच्याकडचाच आहे असें नव्हे. ख्रिस्ती समाजांतही विपत्तींतील आभाराचें एक प्रसिद्ध उदाहरण असेंच वापरलें जातें, आणि योगायोग असा कीं तें नेमकें तुकोबांच्याच काळचें आहे. जर्मनींत लाइप्झिगजवळ आयलेनबुर्ग नांवाचें एक गांव आहे; त्या काळीं तें तटबंदीचें होतें. तेथें १६१७ पासून मार्टिन रिंकार्ट नांवाचा धर्मोपदेशक होता. त्याच्या साऱ्या कारकीर्दीवर तीस वर्षांच्या युद्धाची छाया पडलेली होती. आसपासच्या मुलखांतील निर्वासित तटाच्या आंत येऊन दाटले, आणि १६३७ मध्यें तेथें महामारी भडकली. दुसरे धर्मोपदेशक मेले किंवा निघून गेले. प्रेतांना मूठमाती देण्यास एकटा रिंकार्ट उरला. त्यानें त्या वर्षीं सुमारे ४,४८० माणसांचा अंत्यविधि केला असें सांगतात. त्यांत त्याची स्वतःची बायकोही होती. परमेश्वराचे आभार मानणारें त्याचें एक गीत जर्मन भाषेंत अत्यंत लोकप्रिय आहे. कॅथरिन विंकवर्थ या विदुषीनें १८५८ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर केल्यापासून तें इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांतील प्रार्थनामंदिरांत पोंचलें आहे. प्रवचनकार मोठ्या आवेशानें सांगतात कीं दिवसाला चाळीस पन्नास प्रेतें पुरतां पुरतां रिंकार्टनें हें गीत रचलें. मग तुम्हांला आपल्या क्षुल्लक दुःखांत आभार मानण्यास काय झालें?

हें चित्र मोठें हृदयंगम आहे. परंतु तें खरें नाहीं. जाणकारांच्या मतें तें गीत महामारीच्या आधींचें आहे, आणि तें रचलें गेलें मुलांसाठीं: जेवण झाल्यावर घरांतल्या मुलांनीं म्हणावयाची ती प्रार्थना. आम्हांला तर ही हकीकत त्या दंतकथेहून अधिक मोलाची वाटते. रिंकार्टनें आभार मानले ते पानावर वाढलेल्या अन्नाबद्दल, आणि ज्या मुलांना तें अन्न मिळालें त्यांच्यासह. ज्या मुलांचे आईबाप त्यानें पुरले त्यांना त्यानें कबरीच्या कांठावर उभें करून हें गीत म्हणावयास लावलें, असें कोठेंही नमूद नाहीं. कबरीपाशीं त्यानें माती लोटली. महामारीच्या पाठोपाठ दुष्काळ आला तेव्हां घरांत होतें नव्हतें तें त्यानें वांटून टाकलें आणि स्वतःच्या मुलांच्या भाकरीसाठीं पुढच्या कित्येक वर्षांचें उत्पन्न गहाण ठेवलें. पुढें १६३९ मध्यें स्वीडिश सैन्यानें गांवावर तीस हजार थालेरांची खंडणी बसविली, तेव्हां हा आभारगीत लिहिणारा मनुष्य सेनाधिकाऱ्यापुढें जाऊन पदर पसरता झाला. अधिकारी ऐकेना, तेव्हां त्यानें गांवकऱ्यांना जमवून देवाला हांक मारली. अखेर खंडणी दोन हजार फ्लोरिनांपर्यंत खालीं आली. पानावर आभार, कबरीपाशीं माती आणि जुलमापुढें तक्रार, अशीं तीन ठिकाणीं तीन वेगळालीं कामें या सत्पुरुषानें केलीं. आमचे उपदेशक तिन्ही ठिकाणीं एकच पुडी देतात. रिंकार्ट १६४९ च्या डिसेंबरांत वारला. तुकोबांच्या प्रयाणाची शके १५७१ च्या फाल्गुनांतील प्रचलित तिथि धरली तर ते त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, १६५० च्या मार्चांत, वैकुंठाला गेले. दोघांनाही एकमेकांचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

आतां नव्या विद्येकडे वळूं, कारण आजचा उपदेशक संतांच्या जोडीला मानसशास्त्रही उभें करतो. १९०० सालीं ज्याला पुण्य म्हणत त्याला आतां संशोधन म्हणतात. २००३ मध्यें अमेरिकेंतील एमन्स व मॅककला या दोन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांचे गट पाडून एकाला दर आठवड्यास पांचपर्यंत आभार मानण्याजोग्या गोष्टी, दुसऱ्याला कटकटी आणि तिसऱ्याला नुसत्या घडामोडी लिहावयास लावल्या. दहा आठवड्यांनंतर पहिला गट अधिक प्रसन्न आढळला. मज्जातंतूंच्या व स्नायूंच्या विकारानें आजारी असलेल्या लोकांवरही त्यांनीं असाच प्रयोग केला आणि तेथेंही थोडाफार लाभ दिसला. पुढें अनेक प्रयोग एकत्र तपासून २०२१ मध्यें दुसऱ्या अभ्यासकांनीं असें दाखविलें कीं उदासीनता व चिंता यांवर अशा वहीचा परिणाम होतो, पण तो अल्प असतो. हें सर्व आम्ही विनातक्रार मान्य करतों. सकाळीं फिरावयास गेल्यानें प्रकृति सुधारते हेंही आम्ही मान्य करतों. पण कोणी त्याला तीर्थयात्रा म्हणूं लागला तर आमचें डोकें फिरतें. आपल्याला झोंप यावी म्हणून केलेली देवाची स्तुति ही देवाची स्तुति नव्हेच, तो झोंपेचा एक उपाय आहे. आणि गंमत अशी कीं त्या प्रयोगांत भाग घेणाऱ्यांपैकीं कोणाच्याही दारीं तिऱ्हाईत माणूस जाऊन, तुझें मूल गेलें त्याबद्दल चार ओळी लिही, असें म्हणाला नव्हता. शास्त्रज्ञांना जी मर्यादा कळली ती शास्त्राचा हवाला देणाऱ्यांना कळूं नये हें आश्चर्य होय.

बुद्धिवादी मित्र या ठिकाणीं आम्हांला टाळी देण्यास पुढें सरसावतील. त्यांचें म्हणणें असें कीं दुःख देणाऱ्याचे आभार मानणें ही गुलामाची वृत्ति आहे, तेव्हां स्तुतीचें हें खूळच टाकून द्यावें. त्यांची टाळी आम्हांला घेतां येत नाहीं. मराठी भक्ति ही गुलामाची भक्ति असती तर जनाबाईनें विठोबाला इतक्या रोखठोक शब्दांत झोडपलें नसतें, नामदेवानें त्याच्याशीं भांडण मांडलें नसतें, आणि आपल्यापुरता देव उरलाच नाहीं असें म्हणण्यापर्यंत स्वतः तुकोबा गेले नसते. जो भांडूं शकतो त्याच्याच स्तुतीला किंमत आहे; ज्याला भांडण्याची मुभाच नाहीं त्याची स्तुति भाटाची. यहुदी लोकांनाही हें उमगलेलें होतें. बायबलांतील स्तोत्रसंहितेला हिब्रू भाषेंत ‘तेहिल्लीम’ म्हणजे स्तुति असें नांव आहे, आणि तींतील दीडशें स्तोत्रांपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. तो विलाप त्यांनीं स्तुतीच्याच पोथींत बांधला. त्यासाठीं वेगळी पोथी केली नाहीं.

त्याच ग्रंथांतील ईयोबाची कथा तर जणूं आमच्या उपदेशकांसाठींच लिहिली गेली आहे. मुलेंबाळें, गुरेंढोरें, सर्व गेल्यावर ईयोब प्रथम देवाचा धन्यवाद करतो. एवढाच भाग प्रवचनांत येतो. पण कथा बेचाळीस अध्यायांची आहे, आणि तिसऱ्याच अध्यायांत हा धन्यवाद करणारा पुरुष आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, समाचाराला आलेले असतात. पहिले सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहतात. तेवढे सात दिवसच त्यांच्या हातून कांहीं बरें घडलें. आठव्या दिवशीं त्यांनीं तोंड उघडलें आणि ईयोबाचीं दुःखें त्याला समजावून सांगण्यास प्रारंभ केला. शेवटीं देवाचा कोप होतो तो या समजावून सांगणाऱ्यांवर. जो तक्रार करीत होता तो ईयोबच माझ्याविषयीं यथार्थ बोलला, असा निर्वाळा देव देतो, आणि त्या तिघांना क्षमा हवी असेल तर ईयोबानें त्यांच्यासाठीं रदबदली करावी असें ठरतें. आमच्याकडे हा निकाल अजून लागू झालेला नाहीं.

उपदेशक असें कां करतो, हा प्रश्न उरतो. सगळेच दुष्ट असतात असें आम्हांला वाटत नाहीं. दुसऱ्याचें दुःख पाहवत नाहीं, काय बोलावें सुचत नाहीं, म्हणून मनुष्य देवाला पुढें करतो. परंतु परिणामाच्या दृष्टीनें पाहिलें तर या उपदेशानें पहिली सुटका होते ती उपदेशकाचीच. दुःखी माणसाला आपला वेळ हवा असतो, पैसा हवा असतो, त्याच्या बाजूनें कोणीतरी कचेरींत जाऊन भांडावयास हवें असतें. देवाचे आभार मान म्हटलें कीं या तिन्हींतलें कांहींच द्यावें लागत नाहीं. शिवाय ज्याची तक्रार आपल्याच विरुद्ध असेल त्याच्यासाठीं तर हा उपदेश रामबाण आहे. आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेंत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण अध्यापकांचें मानधन कित्येक महिने थकलेलें असतां त्यांच्यासाठीं कृतज्ञता या विषयावर व्याख्यान योजण्यांत आलें. वक्त्याचें मानधन मात्र त्याच दिवशीं चुकतें झालें. २०२१ च्या उन्हाळ्यांत, प्राणवायूसाठीं माणसें दारोदार फिरत होतीं त्या दिवसांत, दोन मुलगे आजारी पडून त्यांतला एक गमावलेल्या एका बाईला, दुसरा वांचला म्हणून देवाचे आभार मान, असें सांगतांना आम्हीं एका सुशिक्षित गृहस्थांना ऐकलें. ती बाई कांहीं बोलली नाहीं. गृहस्थांना वाटलें, पटलें.

याच्या आदल्या वर्षीं, १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीला, संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून पंढरीला न्याव्या लागल्या आणि लक्षावधि वारकरी घरीं राहिले. त्यांनीं घरांतच टाळ वाजविला, पांडुरंगाचें नांव घेतलें. पण महामारी आली हें बरें झालें, असें एखाद्या फडकऱ्यानें आजारी शेजाऱ्याला समजावल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. स्तुति त्यांनीं थांबविली नाहीं आणि ती कोणावर लादलीही नाहीं. पंडिता रमाबाईंची गोष्टही अशीच. दुष्काळांत आईबाप व बहीण गमावलेल्या या स्त्रीनें पुढें आपल्या नव्या धर्मांत देवाचे उपकार आयुष्यभर गाइले. तिच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींही असो, १८९६-९७ च्या दुष्काळांत ती मध्यप्रांतांत गेली, तेथून शेंकडों अनाथ मुली व विधवा घेऊन आली, आणि केडगांवीं त्यांच्या जेवणाची, निवाऱ्याची व शिक्षणाची सोय करण्यास लागली. दुष्काळ म्हणजे काय हें जिला ठाऊक होतें तिनें दुष्काळग्रस्तांपुढें आधीं ताट मांडलें.

आमच्या खेड्यापाड्यांतून अजून एक रीत टिकून आहे. ज्या घरीं माणूस जातें त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारची बाई पिठलें आणि भाकरी घेऊन येते. तिला मानसशास्त्र येत नाहीं, आणि अभंग येत असले तरी त्या दिवशीं ती ते म्हणत नाहीं. पदर डोईवर घेऊन ती बसते, थोडा वेळ रडते, आणि मग दोन घास खा म्हणून पाठीस लागते. लहान मुलांना आधीं वाढते. दुसऱ्या दिवशीं आपलें पातेलें न्यावयास येते तेव्हांही ती देवाचा विषय काढीत नाहीं. पाणी भरलें आहे का, आणि गुरांना वैरण कोणी टाकली, एवढेंच विचारते.